पहिली पसंती कोणती लिहू?

ताई,

मला मानसशास्त्राची पदवी करायची आहे. आमच्या विद्यापीठात त्या अभ्यासक्रमाला फक्त ८० जागा आहेत आणि अर्ज हजाराच्या घरात येतात. मला परीक्षेत ८४ टक्के पडले. गेल्या वर्षीचा कटऑफ ८१.६ होता, म्हणजे माझी जागा जवळपास नक्की. (परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि विद्यापीठाच्या चाचणीला ३० टक्के वजन आहे. चाचणी पुढच्या महिन्यात आहे.) फॉर्मवर तीनच पसंत्या लिहिता येतात. मी मानसशास्त्र, मग समाजशास्त्र (६० जागा) आणि शेवटी जीवशास्त्र (जागांची मर्यादा नाही) असं लिहिणार होते. मामा म्हणतो, पहिलं समाजशास्त्र लिही, नाहीतर तेलही जाईल आणि तूपही जाईल. आई म्हणते, सरळ जीवशास्त्रात शिर, पुढच्या वर्षी बदलून घेऊ. मला माणसं वाचायला आवडतात. आणि इतके लोक ज्याच्या मागे लागलेत त्यात काहीतरी असेलच ना? नाहीच मिळालं तर एक वर्ष थांबू का?

– गोंधळलेली


प्रिय गोंधळलेली,

तुझ्या पत्रात मामा आहेत, आई आहे, हजार अर्जदार आहेत. मानसशास्त्र मात्र एका ओळीत आटोपलंय. त्या ओळीकडे येतेच, पण आधी हिशेब बघू. हिशेबात चूक आहे आणि चाचणी पुढच्या महिन्यात आहे.

८१.६ हा आकडा कशाचा? तू तो तुझ्या ८४ शेजारी ठेवलास आणि जवळजवळ अडीच गुणांनी पुढे आहेस असं धरून चाललीस. पण प्रवेश जर ७०-३० च्या वजनाने होत असेल, तर जाहीर झालेला कटऑफ बहुधा त्या एकत्रित गुणांचा असणार. तुझ्याकडे आत्ता फक्त एक बाजू आहे. ८४ च्या ७० टक्के म्हणजे ५८.८. गेल्या वर्षीचा आकडा गाठायला आणखी २२.८ हवेत, आणि ते चाचणीतून यायचे आहेत, जिच्यात जास्तीत जास्त ३० मिळू शकतात. २२.८ भागिले ०.३, म्हणजे चाचणीत १०० पैकी ७६. जागा नक्की नाही, चाचणीत ७६ पडले तर गेल्या वर्षीइतकी शक्यता आहे, एवढंच. घाबरवत नाहीये. पण 'मिळालीच' असं धरून चाचणीकडे दुर्लक्ष करणारी मुलं मी पाहिली आहेत. मी बरीच वर्षं मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवलं आणि त्यातली चार वर्षं प्रवेश समितीवर काढली. समितीच्या टेबलावर यादी ठेवली की ऐंशीवा आणि एक्याऐंशीवा यांच्यात फरक असायचा तो दशांशाच्या दुसऱ्या घरात. त्या दोघांपैकी कोण चांगला मानसशास्त्रज्ञ होईल हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसरं असं, की कटऑफ आधी कुणी ठरवत नाही. लोकांना वाटतं, विद्यापीठ म्हणतं 'इतके गुण असतील तर या'. तसं नसतं. जागा भरत भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो बसला त्याचे गुण म्हणजे कटऑफ. जर्मनीत मर्यादित प्रवेशाच्या पदव्यांना नुमेरुस क्लाउझुस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बंदिस्त संख्या. तिथेही दरवर्षी मुलं विचारतात, यंदाचा आकडा किती? यंदाचा आकडा प्रवेश संपल्यावरच कळतो. यंदा कुणी अर्ज केले, चाचणी सोपी आली की अवघड, दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाने जागा वाढवल्या, या सगळ्यावर तो हलतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा बघू नकोस, मिळतील तेवढ्या मागच्या वर्षांचे बघ. आणि तो पहिल्या फेरीचा आहे की शेवटच्या, हेही बघ. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं.

प्रतीक्षा यादीचंही तेच. आमच्याकडे एका वर्षी यादी तिशीपार सरकली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या पाचांतच थांबली. विद्यार्थी बदलले म्हणून नाही. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेचा निकाल आमच्यानंतर लागला आणि आमच्याकडची बरीच मुलं तिकडे गेली. पुढच्या वर्षी त्यांचा निकाल आमच्याआधी लागला. तारखा बदलल्या आणि पंचवीस मुलांचं वर्ष बदललं. हजार अर्जांचंही फार मनावर घेऊ नकोस. एकच मुलगी चार ठिकाणी अर्ज करते आणि चारही ठिकाणच्या हजारांत मोजली जाते.

आता मामा.

मामांचा सल्ला चूक आहे असं पटकन म्हणू नकोस. तो एका प्रकारच्या नियमाखाली अगदी बरोबर आहे, दुसऱ्या प्रकारच्या नियमाखाली तुझं नुकसान करणारा आहे. तुमच्या विद्यापीठात कुठला नियम आहे ते माहितीपुस्तिकेतल्या एका वाक्यावर ठरतं, आणि ते वाक्य तुमच्यापैकी कुणी वाचलेलं दिसत नाही.

पहिला नियम असा असू शकतो: आधी प्रत्येकाची पहिली पसंती बघायची. समाजशास्त्र ज्यांनी पहिल्या क्रमांकावर लिहिलं त्यांच्यातून ६० जागा भरायच्या. त्या भरल्या की मग दुसऱ्या पसंतीवाल्यांकडे वळायचं. समज, तुझं मानसशास्त्र थोडक्यात हुकलं. तुझा फॉर्म दुसऱ्या पसंतीवर येतो तेव्हा समाजशास्त्रात जागाच उरलेली नाही. तुझ्यापेक्षा दहा गुण कमी असलेला मुलगा आत बसलाय, कारण त्याने ते पहिलं लिहिलं होतं. मामांच्या डोक्यात हे चित्र आहे, आणि या नियमात ते खरं आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश बरीच वर्षं याच पद्धतीने होत. तिथे पालक आवडती शाळा सोडून मिळण्याजोगी शाळा पहिली लिहायचे, आणि कुठे काय लिहावं याची खलबतं करायला पालकांचे गट जमायचे. ज्यांना ही खलबतं ठाऊक नव्हती त्यांची मुलं मागे पडायची. शेवटी २००५ मध्ये त्यांनी ती पद्धत मोडीत काढली.

दुसरा नियम: सगळ्यांची गुणवत्ता यादी लावायची आणि वरून खाली यायचं. तुझा क्रमांक आला की तुझा फॉर्म उघडायचा. मानसशास्त्रात जागा आहे का? नाही. समाजशास्त्रात आहे का? आहे, बस. तो दहा गुण कमी असलेला मुलगा तुझ्यानंतर येणार आहे, त्याने समाजशास्त्र पहिलं लिहिलेलं असो की तिसरं. इथे मानसशास्त्र पहिलं लिहिल्याने तुझं समाजशास्त्र एका केसानेही दूर जात नाही. उलट मामांचं ऐकलंस, आणि तुझा क्रमांक आला तेव्हा दोन्हीकडे जागा असली, तर तू समाजशास्त्रात जाशील आणि तुला हवी असलेली खुर्ची तुझ्या मागच्याला मिळेल. तीही तू स्वतःच्या हाताने दिलेली.

दोन अभ्यासक्रमांचे निकष वेगळे असतील, म्हणजे एकाला चाचणी आणि दुसऱ्याला नुसते गुण, तर एक यादी लावून भागत नाही. त्यावरही उत्तर आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी ते १९६२ मध्ये मांडलं. प्रत्येकजण आधी आपल्या पहिल्या पसंतीच्या दारात जातो. अभ्यासक्रम आपल्या निकषाने वरचे तेवढे धरून ठेवतो, पण तात्पुरते, आणि बाकीच्यांना नाही म्हणतो. ज्यांना नाही म्हटलं ते दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे आधी बसलेल्यांपेक्षा ते वरचढ ठरले तर बसलेल्याला उठावं लागतं. असं कुणीच हलेनासं होईपर्यंत चालतं. कुठलीच जागा शेवटपर्यंत पक्की नसल्यामुळे उशिरा पोचलेल्याचं नुकसान होत नाही. म्हणून या पद्धतीत खोटा क्रम लिहून विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. शॅप्लींना २०१२ मध्ये अल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

तेव्हा पुस्तिकेत 'प्रथम पसंतीस प्राधान्य' अशा अर्थाचं वाक्य शोध. ते असेल तर मामांशी बसून नीट खल कर, कारण मग पहिली पसंती ही खरोखर पैज आहे. 'गुणवत्ताक्रमाने, पसंतीनुसार' असं काही असेल तर मनातला क्रम जसाच्या तसा लिही. तिसरा प्रकारही असतो, ब्रिटनमध्ये आहे तसा. तिथे पाच ठिकाणी अर्ज करता येतो, पण क्रम लावायचाच नसतो. होकार आले की मग एक पक्का आणि एक राखीव निवडायचा. तुझ्याकडे क्रम मागितलाय, म्हणजे तो कुठेतरी वापरला जाणार.

फक्त तीन पसंत्या आहेत, या गोष्टीनेही फरक पडतो. यादी लांब असती तर हवं तेवढं वर बघता आलं असतं. तीनच घरं असताना तिन्ही अवघड अभ्यासक्रमांना देऊन चालत नाही, शेवटचं घर हमखास मिळणाऱ्याला हवं. ते तू आपसूक बरोबर केलंयस. फक्त एक सांग. जीवशास्त्र तिथे 'जागांची मर्यादा नाही' म्हणून आलंय, की तुला बेडकाच्या मज्जासंस्थेत खरंच रस आहे? कारण शेवटची पसंतीही मिळते बरं का. पुष्कळांना तीच मिळते. जो अभ्यासक्रम मिळाल्यावर तू दुसऱ्या महिन्यात सोडणार आहेस तो लिहिण्यापेक्षा ते घर दुसऱ्या एखाद्या खुल्या विषयाला दे.

आता त्या एका ओळीकडे. 'मला माणसं वाचायला आवडतात.'

माझ्या पहिल्या तासाला दरवर्षी तेच व्हायचं. वर्गात हौसेने आलेली मुलं. कुणाला गुन्हेगारांची मनं उलगडायची असायची, कुणाला स्वप्नं. मी फळ्यावर प्रमाण विचलनाचं सूत्र लिहायचे आणि मागच्या बाकावरून हात वर यायचा, 'मॅडम, हा वर्ग मानसशास्त्राचाच ना?' हसू यायचं, वाईटही वाटायचं. कारण त्या मुलाने प्रवेशासाठी जीव काढला होता आणि अभ्यासक्रमाचं पान उघडलं नव्हतं.

माणसं आपण रोज वाचतो आणि रोज चुकीची वाचतो. मानसशास्त्र नेमकं त्या वाचण्यावर संशय घेतं. पहिल्या वर्षाचं एक प्रात्यक्षिक सांगते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे, जवळजवळ सगळीकडे करून घेतात. कागदावर 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो, 'हिरवा' पिवळ्या शाईत. तुला शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून बघ, जीभ अडखळते. गंमत वाटते, पाच मिनिटं. मग समोर एकेक माणूस बसवायचा, प्रत्येकाच्या वेळा सेकंदाच्या शतांशापर्यंत लिहून घ्यायच्या, कंटाळून चुकलेल्या नोंदी कशा हाताळायच्या ते ठरवायचं, दोन रकाने तयार करायचे (शब्द आणि शाई जुळते तेव्हाच्या वेळा, आणि जुळत नाही तेव्हाच्या), आणि फरक खरा की योगायोगाचा याची चाचणी लावायची. मग चार पानी अहवाल. त्यात 'मला वाटतं' हे दोन शब्द सापडले की मी लाल रेघ मारायचे. शंभरातली काही मुलं इथे पेटून उठायची, 'मॅडम, शब्द लांब घेतले तर काय होईल?' त्यांचा विषय त्यांना सापडलेला असायचा. काही मुलं रकाने भरता भरता खिडकीबाहेर बघायची. गुण दोघांचेही सारखे असायचे, कारण आत येताना दोघांनीही तोच कटऑफ ओलांडला होता.

म्हणून या आठवड्यात एक काम कर. विषयाची ओळख करून देणारं चकचकीत पान बाजूला ठेव आणि अभ्यासक्रमाचा तक्ता उघड. कुठल्या सत्रात काय, किती क्रेडिटचं, ते कागदावर उतरव. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, तास आणि घरचा अभ्यास मिळून. समज, पहिल्या वर्षात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती मिळून १५ क्रेडिट निघाले. म्हणजे पावणेचारशे ते साडेचारशे तास तू आकडे आणि प्रयोगाची आखणी यांत असशील. तुमची क्रेडिटची पद्धत वेगळी असली तरी असा हिशेब मांडता येतो. मग दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या कुणाचीतरी वही माग. पहिल्या वर्षाची नको, पहिल्या वर्षाच्या वह्या सगळ्यांच्याच सुंदर असतात. दुसऱ्या वर्षाच्या वहीतली दहा पानं वाच आणि स्वतःला विचार, मंगळवारी सकाळी नऊ वाजता मला हे करायचंय का? आणि मग हेच समाजशास्त्राच्या वहीचं कर. तुला माणसांमध्ये रस असेल पण प्रयोगशाळेत नसेल, मुलाखती घ्यायला, वस्तीत जाऊन बसायला, माणसं गटात कशी वागतात हे बघायला आवडत असेल, तर तुझी दुसरी पसंती मुळात पहिली असू शकते. तेव्हा ती वर लिही, पण मामांच्या भीतीपायी नको, वहीपायी लिही.

'इतके लोक मागे लागलेत' याचं काय? जागा कमी असण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी रुक्ष असतात. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेचा आहे. प्रात्यक्षिकाला एका शिक्षकामागे पंधरा-वीसच मुलं ठेवता येतात, तर व्याख्यानाला तीनशे बसतात. जर्मनीत तर एका विद्यार्थ्याला पदवीपर्यंत शिकवायला किती अध्यापन लागतं याचा आकडा ठरलेला असतो आणि शिक्षकांच्या तासांवरून जागा मोजून काढतात. तिथल्या घटना न्यायालयाने १९७२ मध्येच बजावलं होतं की असलेली क्षमता पूर्ण वापरल्याशिवाय दार बंद करता येणार नाही. म्हणजे ८० हा आकडा विषयाची थोरवी सांगत नाही, शिक्षक किती आणि प्रयोगशाळा किती ते सांगतो. तोच विषय एका विद्यापीठात मर्यादित आणि दुसऱ्यात खुला असू शकतो. तुझ्या आवाक्यात असं दुसरं विद्यापीठ आहे का, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. शोधलंयस का?

आणि खुला म्हणजे सोपा नव्हे. काही ठिकाणी दार उघडं असतं आणि गाळणी आत असते. फ्रान्समध्ये १९७१ पासून जवळपास पन्नास वर्षं वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला मुलं भरभरून घेत आणि वर्षाच्या शेवटी ठरलेल्या संख्येएवढीच पुढे जात. जीवशास्त्रात तुमच्याकडे पहिल्या वर्षाअखेर काय होतं, किती क्रेडिट मिळवावे लागतात, नाही मिळाले तर काय, हे विचार.

त्यातूनच आईंचा बेत येतो, आत शिरून मग बदलायचं. होतं तसं, पण ज्या घरात शिरायचं ते शेजारचं हवं. जीवशास्त्राचे वर्षभराचे बहुतेक विषय मानसशास्त्रात धरले जाणार नाहीत. समाजशास्त्रात निदान संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकवतात, त्यातलं काही पुढे मोजलं जाऊ शकतं. तीन गोष्टी विचारून घे: दुसऱ्या वर्षात जागा कशा रिकाम्या होतात आणि त्या कुणाला देतात, मागच्या काही वर्षांत असे किती जण आत आले, आणि बदलणाऱ्याला नव्या अर्जदारासारखंच पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर तो बेत बदलीचा उरत नाही, वर्षभराचं शुल्क भरून थांबण्याचा होतो. कधीकधी तर अशाने नुकसानही होतं. जर्मनीत काही जागा जास्त काळ थांबलेल्यांना देतात, पण तो प्रतीक्षाकाळ मोजताना तिथल्याच विद्यापीठात दुसरीकडे नाव घातलेला काळ धरत नाहीत. गाडी उभी करावी तसं नुसतं नाव घालून ठेवण्याला तिथे 'पार्कस्टुडियम' असा खास शब्दच आहे.

एक वर्ष थांबण्याबद्दल माझं मत फार मऊ नाही. थांबल्याने काय बदलणार ते आधी सांग. परीक्षेचे ८४ पुढच्या वर्षीही ८४ च राहणार. बदलू शकते ती चाचणी. चाचणीच्या दिवशी आजारी होतीस, किंवा पेपरचा प्रकारच नवा होता आणि आता तयारी करता येईल, तर वर्षाला अर्थ आहे. नुसतं 'पुढच्या वेळी नशीब' यासाठी नको. जर्मनीत वैद्यकीयसाठी नुसतं थांबूनही प्रवेश मिळण्याची सोय होती. ती रांग सात वर्षांपर्यंत लांबली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तिच्यावर बोट ठेवलं. २०२० पासून तो कोटा गेला. थांबण्याला गुण देणाऱ्या जागा आता कमीच आहेत. आणि किती वेळा अर्ज करता येतो यालाही कुठेकुठे मर्यादा असते, तीही बघून ठेव.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुला माणसांशी बोलून त्यांना बरं करायचंय का? तसं असेल तर ही पदवी पहिलं दार आहे. बहुतेक देशांत नुसत्या पदवीवर उपचार करता येत नाहीत. पदव्युत्तर शिक्षण लागतं, देखरेखीखालचं काम लागतं, आणि तिथल्या जागा इथल्यापेक्षाही कमी असतात. तेव्हा उलट्या बाजूने वाच. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पुढे जायचंय त्याची पात्रता आज उघडून बघ. कुठल्या पदव्या चालतात, कुठले विषय किती क्रेडिटचे लागतात? कुठे मानसशास्त्राचीच पदवी हवी असते, आणि तीही ठरावीक आखणीची, जर्मनीत २०२० च्या नव्या कायद्यानंतर झालंय तसं. तसं असेल तर या ८० जागांसाठी झटणं योग्यच. पण समुपदेशन, समाजकार्य, मनुष्यबळ, संशोधन यांपैकी कशात जायचं असेल तर दुसऱ्या पदवीवरूनही वाट असू शकते, आणि मग पुढच्या महिन्यातली चाचणी जीवनमरणाची राहत नाही. हे कळलेलं असलं की चाचणीलाही माणूस जरा मोकळ्या श्वासाने बसतो.

चाचणीची तयारी मात्र आजपासून. ७६ हा आकडा भिंतीवर लाव, आणि जुना पेपर मिळाला तर घड्याळ लावून सोडव. पहिल्या प्रयत्नात ६० आले तर घाबरू नकोस, कुठे गेले ते बघ. गुणांना ७० टक्के वजन असलं तरी ते गुण आता हलत नाहीत. हलणारे तीसच आहेत.

आणि पुस्तिकेतलं ते वाक्य. सापडलं तर मामांना पान उघडून दाखव, नुसतं सांगू नकोस, मामालोकांना कागद लागतो. नाही सापडलं तर प्रवेश कक्षाला मेल लिही: 'दुसऱ्या पसंतीचा विचार करताना, ती पसंती पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्या उमेदवारांना आधी जागा दिली जाते का?' असा सरळ प्रश्न विचार आणि उत्तर लेखीच माग. खिडकीवरचा माणूस 'काही फरक पडत नाही हो' म्हणेल. आमच्याही खिडकीवरचा म्हणायचा, आणि त्याला ठाऊक नसायचं.

वहीची दहा पानं वाचून झाली की मला कळव, दोन्ही वह्यांची.

– ताई